चार आट्यांवरचं चाक

फोन मीच उचलला होता, पण मधुभाऊजी म्हणाले, "वहिनी, जरा दादाला द्या." मधुभाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, लातूरला असतात. मी फोन मालकांच्या हातात दिला आणि त्यांच्या तोंडाकडं बघत उभी राहिले. त्यांनी "कधी?" एवढंच विचारलं. मग फोन खाली ठेवला, "शैला गेली" म्हणाले आणि रडायला लागले. साधंसुधं नाही, ओक्साबोक्शी. माझी आई गेली तेव्हा हा माणूस माझ्या माहेरी बिलोलीला आला होता, ओसरीवर बसला होता, पण खिशातला रुमाल काही बाहेर निघाला नव्हता. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, आणि या वयात लपवून काय करू… माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की उद्या मी गेले तर हे एवढे रडतील का? माझ्या धाकट्या जावेच्या जाण्याची बातमी येऊन पाच मिनिटं झाली नव्हती आणि मी तिच्यावर जळत होते.

आता दीड महिना होत आला. लातूरच्या पेपरच्या पुरवणीसाठी तुमच्या जाऊबाईंवर काही लिहून द्या, असा निरोप आला. शैला मॅडमवर लिहायला लातुरात लई माणसं आहेत, चांगली शिकलेली. मी सातवी पास, वाचनालयाची पुस्तकं आणून आणून वाचली आणि लिहायला लागले. पण मला जे लिहायचंय ते दुसऱ्या कुणाला माहीतच नाही.

शैला आमच्या घरात आली ती बी.एस्सी. होऊनच. मी आले होते तेव्हा सासूबाईंनी मला आधी चूल दाखवली होती. ती आली तर मामंजींनी तिला पेपर मोठ्यानं वाचायला बसवलं. रंगानं ती माझ्यापेक्षा सावळी होती, नाकही जरा बसकंच, हे मी चारचौघींत बोलून बघितलं, कुणाला काही फरक पडला नाही. पुढं ती लातूरच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायला लागली, आणि मग लातूरला ते बारावीचं वारं सुटलं. घराघरात भाड्याच्या खोल्या, खोलीखोलीत पोरं, गल्लीगल्लीत क्लासच्या पाट्या. शैलानं घरीच काढलेल्या क्लासच्या हॉलबाहेर सायकली अशा लागायच्या की दूधवाल्याला दारात येता येत नसे. इकडं नांदेडला मी भाजी घ्यायला गेले की कुणीतरी विचारणार, "तुम्ही शैला मॅडमच्या जाऊ ना? आमच्या पोरीचं तेवढं बघा की क्लासचं." तेव्हापासून मला माझं नाव उरलं नाही. मी जाऊच झाले.

भूकंप झाला त्या आठवड्यात ती भाकरीची पोती घेऊन टेम्पोनं किल्लारीकडं गेली. लई जण गेले होते, पण बाकीचे परत आले. शैला पुढंही जात राहिली. पत्र्याचे शेड उभे राहिले तसं ती तिकडच्या दहावीच्या पोरापोरींना शिकवायला लागली. वेळेवर जीप मिळेना म्हणून तिनं सरकारी लिलावातली एक जुनी अँबॅसिडर घेतली आणि स्वतः चालवायला शिकली. औशाच्या स्टँडवर माणसं चहाचा कप हातात धरून बघत, बाई गाडी चालवते म्हणून. तिकडचे रस्ते म्हणजे काळी माती आणि खड्डे, गाडी डुलायची, म्हणून तिनं रुंद टायर टाकले. ते टायर वळणावर आतून घासायला लागले. यावर इलाज काय, तर स्पेसर. स्पेसर म्हणजे चाक आणि गाडी यांच्यामध्ये बसवायची लोखंडी चकती, ज्वारीच्या भाकरीएवढी, बोल्ट जायला भोकं पाडलेली. ती बसवली की चाक तेवढं बाहेर सरकतं आणि घासत नाही.

हे मला कुणी सांगितलं नाही. मी ऐकलं. आमचे मालक पाटबंधारे खात्याच्या वर्कशॉपमध्ये होते. घरात आले की "टॉवेल", "मीठ कमी हाय" आणि "उद्या उशीर व्हईल", एवढ्यात त्यांचं माझ्याशी बोलणं संपायचं. आणि शैलाचा फोन आला की हाच माणूस अर्धा अर्धा तास मिलीमीटरवर बोलायचा. मी दाराआड उभी राहून ऐकायची. गुपित काही नव्हतं त्यात. तेच तर जास्त लागायचं. गुपित असतं तर भांडता तरी आलं असतं.

एका शनिवारी ती गाडी घेऊन नांदेडला आली. चकत्या लेथवर करून आणल्या होत्या. रविवारी सकाळी आमच्या अंगणात गाडी जॅकवर चढली. शैलानं पदर कंबरेला खोचला आणि सरळ चाकाशी बसली, थोरल्या दिराच्या शेजारी. सासूबाई बाजेवरून ओरडल्या, "अगं, थोरला दीर हाय तो! डोक्यावर पदर घे की!"

"आत्याबाई, पदर चाकात गेला तर मी बी जाईन अन् दीर बी जाईल," ती म्हणाली.

मालक हसले. सासूबाईसुद्धा हसल्या. मी हे बोलले असते तर आठ दिवस जेवणावर राग निघाला असता.

काढलेले नट माझ्या परातीत ठेवायचे ठरले. मी तांदूळ निवडत तिथंच बसले. मला काय कुणी बोलत नव्हतं, म्हणून नजर तांदळावर ठेवून मी नटाच्या वेढ्यांची किरकिर मोजत बसले. मला ती सवयच आहे. माझं शिवणयंत्र होतं, त्याच्या सुईचा स्क्रू एकदा दोनच आट्यांवर, म्हणजे दोनच वेढ्यांवर, बसला होता. हाताला घट्ट लागला, म्हणून मी पाय मारला, आणि सुई सुटून माझ्या नखात गेली. तेव्हापासून कुठलाही स्क्रू फिरला की त्याचे वेढे मी मनात मोजते. तर त्या दिवशी शैला पान्यानं नट सैल करी आणि पुढं बोटानं फिरवून काढी. नऊ वेढे, कधी दहा. मग चकती बसली, चाक बसलं, आणि नट परत चढवला. एक, दोन, तीन, चार… आणि घट्ट. चकती जाड झाली होती, बोल्ट तेवढेच होते, म्हणून नट नुसता टोकावर धरला होता. पुढच्या नटालाही चारच. सगळ्यांना चार.

सांगायला मी तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात मालकांनी पाना खाली ठेवला, हात पुसले आणि म्हणाले, "शाब्बास शैला!"

हा शब्द त्यांच्या तोंडात आहे हेच मला तोवर माहीत नव्हतं. मी तोंड मिटलं. तांदळाचं ताट उचललं आणि आत गेले.

जेवायला पुरणपोळी केली होती. मी शैलाला आग्रह करकरून वाढलं, तूपही जरा जास्तच. ती म्हणाली, "अक्का, एवढं खाऊन मला गाडीत झोप येईल." मी हसले. चारला ती निघाली. एकटीच जाणार होती लातूरला. मी तिला हळदीकुंकू लावलं. तिच्या कपाळाला माझं बोट लागलं तेव्हाही मी काही बोलले नाही… आणि तेवढ्यात मालक चपला घालून आले. "मी लोह्यापर्यंत बसतो, चाक कसं चालतंय बघतो, एस्टीनं माघारी येतो." आणि तिच्या शेजारी जाऊन बसले. गाडी सुरू झाली.

"थांबा!" माझा आवाज असा निघाला की शेजारच्या गच्चीवर माणसं आली. "उतरा आधी! चाकं काढा!"

"काय झालं गं एकाएकी?" मालक म्हणाले.

"काढताना नट नऊ वेळा फिरला हुता. बसवताना चारदाच फिरला."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

पण शैला उतरलीसुद्धा होती. पान्यानं नट सैल केला आणि बोटानं मोजला. चार झाले आणि नट तिच्या तळहातात पडला. तिनं नटाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "दादा, आपण दोघं एवढी शिकलेली माणसं आज मेलो असतो. अक्कानं वाचवलं," असं म्हणून तिनं मला मिठी मारली. तिचे ग्रीसचे हात माझ्या लुगड्यावर उमटले. मी खांबासारखी उभी.

चकत्या पातळ करून आणि लांब बोल्ट टाकून ती मंगळवारी गेली. मग ही गोष्ट तिनं जन्मभर सांगितली. लग्नात, बारशात, पाहुण्यांत. "आमच्या अक्काचे कान बघा," म्हणायची. एवढं मोठं श्रेय दुसऱ्याच्या पदरात असं सहज टाकणं मला कधी जमलं नसतं, आणि ते तिला जमतं याचाही मला राग यायचा. इतकी वर्षं ती सांगत राहिली आणि मी मान खाली घालून ऐकत राहिले. लोक समजायचे, बाई लई विनयी आहे.

तिच्या शोकसभेला आम्ही लातूरला गेलो. तिच्याच क्लासच्या हॉलमध्ये होती. तिचा एक जुना विद्यार्थी, आता मोठा डॉक्टर, बोलायला उठला. म्हणाला, स्क्रू आणि घर्षण शिकवताना मॅडम दर वर्षी एका अक्कांची गोष्ट सांगायच्या, ज्यांनी नुसतं ऐकून चाकातली चूक पकडली. "त्या अक्का आज इथं आहेत का?" मधुभाऊजींनी माझ्याकडं हात केला. सगळा हॉल मागं वळला. पांढऱ्या केसांची माणसं, त्यांची पोरं, माझ्याकडं अशी बघत होती… पोरांच्या तुकड्यांमागून तुकड्या मला ओळखत होत्या, आणि ओळखत होत्या ती बाई मी नव्हतेच.

सभा संपल्यावर मला गरगरल्यासारखं झालं. मधुभाऊजींनी मला मागच्या अंगणात नेलं. तिथं तिची गाडी उभी आहे, अजून. "आत सावली हाय, बसा," म्हणून त्यांनी दार उघडलं, तिच्या बाजूचं, स्टिअरिंगकडचं. स्वतः पलीकडून येऊन बसले.

"मधुभाऊजी, मला सकाळीच कळलं हुतं," मी म्हणाले.

"काय?"

"त्या चाकाचं. कळून मी गप बसले. जेवायला वाढलं, कुंकू लावलं, तरी गप. तुमचे दादा गाडीत बसले तवाच मी ओरडले."

ते समोरच्या काचेकडं बघत राहिले. मग म्हणाले, "अन् दादा बसला नसता तर?"

या प्रश्नाचं उत्तर मी कितीतरी वर्षं तयार ठेवलं होतं. फाटकाशी ओरडलेच असते, गल्लीच्या तोंडाशी तरी धावले असते… मनातल्या मनात मी शंभरदा धावले होते. पण तिच्या गाडीत बसून ते तोंडातून निघेना. "माहीत न्हाई," म्हणाले.

"ती असती तर हसली असती, वहिनी. 'अक्का, एवढी वर्षं हे पोटात ठिवलं व्हय,' म्हणाली असती." त्यांनी दाराला हात घातला. "मला न्हाई येत हसू."

ते उतरले. दार आपटलं नाही, हळू लावलं, आणि घरात गेले. त्या दिवसापासून ते माझ्याशी फोनवर बोललेले नाहीत. "दादाला द्या" एवढंच म्हणतात. त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही.

मी तशीच बसून राहिले. सीट पुढं ओढलेली होती, तिनं ठेवली होती तशी. माझे पाय खाली नेमके टेकले, ना लांब ना जवळ. आम्ही दोघी एकाच उंचीच्या होतो तर. मी तिला सगळा जन्म माझ्याहून उंच धरून चालले होते. मी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. तिचे हात जिथं घासले तिथं ते गुळगुळीत झालं होतं. आत माझा दीर रडत होता, ते ऐकू येत होतं, आणि त्या घडीला माझ्या मनात काय आलं असेल तर एवढंच, की हिला हे चालवता येत होतं.