घरीच असता ना?

ज्या वर्षी मला नोकरी नव्हती, त्या वर्षी वाशीपासून पनवेलपर्यंत माझ्याइतका बिझी माणूस दुसरा नव्हता. मंत्र्यांना निदान पीए असतो. मला तोही नव्हता.

लोकांचा एक समज आहे, की बेकार माणूस दहाला उठतो, चहा पितो आणि पंख्याकडे बघत पडतो. शपथेवर सांगतो, त्या वर्षात माझी पाठ गादीला लागली नाही. जुईनगरच्या आमच्या सोसायटीत सकाळी दूधवाल्याच्याही आधी आमची बेल वाजायची. दारात शेजारी, हातात त्यांच्या फ्लॅटची चावी. "प्लंबर येणारे, जरा बघाल का? तुम्ही घरीच असता ना?" मग दुसरी चावी, मग तिसरी. दारामागच्या खिळ्यावर इतक्या चाव्या लटकायच्या, की वाऱ्याने दार हललं तरी आत आरती सुरू झाल्यासारखं वाटायचं.

मी मुळात डिस्पॅचचा माणूस. एमआयडीसीतल्या एका कंपनीत माल गाडीत चढवून वेळेत बाहेर काढण्यात माझी उमर गेली. एक दिवस कंपनीच परराज्यात निघून गेली. मशिनं नेली, पंखे नेले, रिसेप्शनवरच्या कुंड्यासुद्धा नेल्या. फक्त आम्हाला न्यायचं विसरली.

त्यानंतर सल्ल्यांना तोटा नव्हता. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी म्हणजे निवृत्त माणूस, आवाज मात्र अजून ड्युटीवर. ते म्हणायचे, "कामं पडलीयत हो, लोकांनाच करायची नाहीत. उलव्याला जा. एअरपोर्ट झालंय. नुसतं उभं राहिलात तरी ओढून आत घेतील." मी गेलो. उन्हात उभा राहिलो. शेवटी सिक्युरिटीवाल्याने विचारलं, कुणाला सोडायला आलात?

अर्ज मी शेजाऱ्यांचे दोन गॅस सिलिंडर उतरवून घेण्याच्या मधल्या वेळात करायचो. एका ठिकाणी म्हणाले अनुभव जास्त आहे, दुसऱ्या ठिकाणी म्हणाले वय जास्त आहे. पगार जास्त मागितला असं मात्र कुणी म्हणालं नाही, कारण तिथपर्यंत गाडी कधी पोचलीच नाही.

त्यात आमच्या गेटवर ॲप आलं. कुणीही आलं, की वॉचमन बटण दाबतो, घरवाल्याच्या फोनवर कॉल जातो, तो हो म्हणाला की आत सोडतात. ऑफिसला जाणाऱ्यांना त्याचं भलतं टेन्शन. सेक्रेटरींनी मीटिंगमध्ये तोडगा काढला, की आमच्या विंगचे सगळे कॉल माझ्या नंबरवर वळवायचे. ठराव एकमताने पास. मीही हात वर केला. त्या वर्षी मी सगळ्याच गोष्टींना हात वर करायचो.

आणि अशात इंटरव्ह्यू आला. उलव्याच्या बाजूला एक मोठं गोडाऊन सुरू होत होतं, त्यांना डिस्पॅच बघणारा माणूस हवा होता. अगदी माझं काम. बऱ्याच महिन्यांनी कुणीतरी मला तोंड दाखवायला सांगितलं होतं, तेही व्हिडिओवर, सकाळी अकराला. बायको शाळेत शिकवते. तिने माझ्याकडून उत्तरं घोटून घेतली. मधल्या काळात काय केलं असं विचारलं, तर म्हणायचं, फ्रीलान्स कन्सल्टिंग. निघताना ती चप्पल घालता घालता म्हणाली, "हे काम लागायला हवं रे. पैशाचं बघू आपण. पण तू हल्ली सगळ्यांना नुसतं हो म्हणतोस. पूर्वी किती भांडायचास."

हे मात्र मला लागलं.

घरात लॅपटॉप नव्हता, तो कंपनीबरोबर गेला. म्हणजे इंटरव्ह्यू फोनवर, आणि गेटचे कॉलही त्याच फोनवर. म्हणून मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, 'आज अकरा ते बारा मी कामात आहे. कृपया गेटचे कॉल आपापले घ्यावेत.' पहिलं उत्तर आलं, 'कसलं काम?' मग हसरे चेहरे. सेक्रेटरींनी लिहिलं, 'सकाळी सकाळी चांगला जोक.'

अकराला बसलो. वर इस्त्रीचा शर्ट, खाली बर्म्युडा. स्क्रीनवर एक साहेब आणि एक मॅडम. मी नमस्कार म्हणेपर्यंत फोन वाजला, स्क्रीन गोठली. "साब, सिलिंडर आया है." सोडलं. परत आलो, साहेबांनी अनुभव विचारला, मी तोंड उघडलं, फोन वाजला. फ्रिज दुरुस्तीवाला. मग कुरिअर, मग वरच्या मजल्यावरच्या मुलीला बघायला आलेली मंडळी, पाच बायका आणि एक मुलगा. त्यांना आत सोडा म्हणणार, तेवढ्यात दाराची बेल. सारसोळ्याची आमची नेहमीची कोळीण, टोपली घेऊन उभी. "दादा, वरची वयनी बोलली पाव्हने येनार हाय, ही कोलंबी तुज्या फ्रिजमदी ठेव." मी एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात कोलंबी घेऊन परत बसलो.

साहेबांचा चेहरा आंबला होता. "तुम्ही जवळजवळ वर्षभर घरीच आहात. नक्की करत काय होता?"

फ्रीलान्स कन्सल्टिंग अगदी ओठांवर आलं. पण कोलंबीची पिशवी हातात धरून कन्सल्टिंग म्हणता येईना. मी म्हटलं, "साहेब, घरी असतो म्हणून अख्ख्या विंगचं गेट माझ्याकडे आहे. काम शोधायला वेळ काढावा लागतो. आज एक तास मागितला, तर लोक हसले."

साहेब काही बोलणार, तेवढ्यात मॅडमनी त्यांना थांबवलं. "आमच्या विंगचं गेटही एकाच माणसाकडे आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "माझ्या मिस्टरांकडे. सहा महिने झाले नोकरी जाऊन. रोज म्हणतात दिवस पुरत नाही. मला वाटायचं, बढाया मारतात."

पुन्हा फोन वाजला. मी कट केला. परत वाजला, परत कट. ती पाच बायकांची वरात बिचारी उन्हात उभी राहिली असणार, पण मी आयुष्यात पहिल्यांदा गेटला नाही म्हणालो.

मग मॅडमनी कामाचं विचारलं. तीन गाड्या एकदम आल्या, माल चढवायचा धक्का एकच, कुठली आधी घ्याल? म्हटलं, ज्या गाडीला सगळ्यात लांब जायचंय ती, पण माल नाशवंत असेल तर हिशोब बदलतो. आणि मागे थांबलेल्या दुसऱ्या गाडीच्या ड्रायव्हरला आधी चहा पाजा, नाहीतर तो हॉर्न वाजवून तिन्ही गाड्यांचा घोळ करेल. साहेब पहिल्यांदा हसले. म्हणाले, शनिवारी साइटवर या.

शनिवारी गेलो. त्यांनी मला थेट धक्क्यावर उभं केलं. संध्याकाळपर्यंत मी इतक्या गाड्या काढल्या, की खाडीपलीकडच्या लोकांना वाटलं असेल एअरपोर्ट हलवतायत. सोमवारपासून या म्हणाले. बायकोला फोन केला. तिने पहिलंच विचारलं, "पगारावर भांडलास ना?" म्हटलं, भांडलो. "मग ठीक."

आता माझ्या हाताखाली माणसं घ्यायची असली, की मीच समोर बसतो. अर्जात वर्षा-दोन वर्षांचं भोक दिसलं, की साहेब अजून भुवया चढवतात. मी खुर्ची पुढे ओढतो आणि विचारतो, घरी होतात तेव्हा दिवसभर काय काय करावं लागायचं? गेल्या महिन्यात एका बाईने त्याचं उत्तर पाऊण तास दिलं. सासूचा दवाखाना, पुतण्याची ॲडमिशन, दिराच्या फ्लॅटचं रंगकाम, आणि या सगळ्याच्या मधे चाळीस अर्ज. त्यातलं निम्मं तिने फुगवून सांगितलं असेल. असू दे, मला ती भाषा येते. उरलेलं निम्मंच एवढं होतं, की मी तिला तिथल्या तिथे विचारलं, सोमवारी जमेल का?