खर्जाची तार

माझा आवाज जाड आहे. आता त्याचं काही वाटत नाही, पण एकोणिसाव्या वर्षी तो मला रोज मान खाली घालायला लावायचा. रोवणीच्या दिवसांत बायका चिखलात ओणव्या होऊन गाणं म्हणत मागे मागे सरकायच्या. एकीनं ओळ उचलायची, बाकीच्यांनी झेलायची. मी ओळ उचलली की आख्खी रांग धान हातात धरून हसायला लागायची. "कोन बाप्या गाऊन राहिला वो?" एक विचारायची. "बाप्या नाही, मास्तरीण होय," दुसरी सांगायची. गावच्या शाळेत मी नुकतीच शिकवायला लागले होते, त्यामुळे हसणाऱ्यांना जास्तच गंमत वाटायची.

आमचं गाव अर्जुनी मोरगावपासून पायी दीड-दोन तासांवर. देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली होती, पण गावात पेटी एकच होती आणि ती वाजवणारे काकाही एकच. वडिलांच्या नात्यातले. त्यांचा हात बसला होता तो दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या नाचगाण्याच्या खेळात. दंडारीत बाईचं सोंग घेणारा गडी भलत्या चढ्या आवाजात गायचा, त्याला पेटीची चौथी काळी पट्टी, काळी चार, लागायची. वीस वर्षं त्याच्यामागे वाजवून काकांची बोटं त्या पट्टीत पक्की झाली होती. दुसऱ्या पट्टीत त्यांना वाजवताच येत नव्हतं. पण हे कबूल कोण करणार? हळूहळू काळी चार म्हणजेच सूर, असं सगळं गाव समजायला लागलं. ज्याचा गळा तिथे पोचला तो गाणारा. ज्याचा नाही पोचला त्यानं टाळ्या वाजवायच्या.

तलावाकाठच्या देवळात दर वर्षी सप्ताह बसायचा आणि शेवटच्या दिवशी दुपारी काला व्हायचा. काल्याच्या आधी एखाद्या बाईनं अभंग म्हणायचा, अशी आमच्याकडची रीत. त्या वर्षी मी उभी राहिले. पहिली ओळ कशीबशी निघाली, दुसऱ्या ओळीला आवाज फाटला. काकांनी भाता थांबवला.

"बाई, तुह्या गऱ्यात सूरच नाही," ते सगळ्यांदेखत म्हणाले. "तू आपली शारा शिकव."

लोक हसले. मी बसले नाही, तशीच तडक घरी निघून आले. वाटेत मनाशी ठरवून टाकलं, की पुढच्या काल्याला याच देवळात उभी राहीन आणि पूर्ण अभंग म्हणेन. नाही जमलं तर पुन्हा म्हणून गाण्यासाठी तोंड उघडणार नाही.

माझ्याकडे एक तंबोरा होता. अर्जुनीच्या स्टेशनवरच्या तारबाबूंची बायको गाणं शिकलेली होती. मी रविवारी चालत तिच्याकडे जायचे. बाई मोठ्या मनाची, पण तिचा स्वतःचा गळा बारीक, आणि तीही मला काळी चारमध्येच ओढायची. आवाज फुटला की म्हणायची, "गळा बसलाय तुझा, आलं-मध घे." मी वर्षभर आलं-मध घेतलं. त्यानं सर्दी गेली, आवाज होता तिथेच राहिला. नवऱ्याची बदली झाली तेव्हा जाताना ती तंबोरा मला देऊन गेली. बायकांसाठी करतात तसला, लहान भोपळ्याचा.

काल्यानंतरच्या रविवारी मी तंबोरा घेऊन पडवीत बसले आणि ठरवलं, आज आपण सुराकडे जायचं नाही, सुराला आपल्याकडे आणायचं. खुंट्या सैल करत गेले. जिथे माझा गळा आपसूक उघडला तिथे थांबले. ती होती काळी एक, म्हणजे थेट पुरुषांची पट्टी. पण तोवर तारा इतक्या ढिल्या पडल्या होत्या की छेडल्यावर नुसती फडफड व्हायची. सगळ्यात वाईट हाल खर्जाचे. चार तारांतली ही शेवटची, पितळेची. बाकी सगळं गाणं हिच्यावर उभं असतं, आणि तीच, तारा टेकतात त्या घोडीवर, मेल्यासारखी पडून होती.

बाबा समोर विळ्याला धार लावत होते. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधण्याचं काम. गाण्यातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. बराच वेळ ती फडफड ऐकून ते म्हणाले, "खालच्या बांधीले पानी द्याचं असंल तं तुडूम खाली बसवा लागते. वरच्या बांधीचा तुडूम घेऊन काऊन बसलीस?"

तुडूम म्हणजे तलावातून बांधीत, धानाच्या शेतात, पाणी सोडायचं दार. बाबा सहज बोलले आणि पुन्हा विळ्याकडे वळले. मी मात्र तंबोऱ्याकडे बघतच राहिले. तारा तारबाबूंच्या बायकोच्या गळ्याच्या होत्या. माझ्या गळ्याला जाड तार लागणार होती, एवढी साधी गोष्ट. आणि मी वर्षभर आलं चावत बसले होते!

पगार झाल्यावर छोट्या लाइनीच्या गाडीनं गोंदियाला गेले. बाजारात वाद्यांचं एक दुकान होतं. म्हाताऱ्या दुकानदारानं न विचारताच पुडकं पुढे केलं, "जनाना तंबूरे का सेट."

"मला जाड तार हवी. खर्जासाठी," मी म्हटलं.

"कौन से नंबर का?"

नंबर कुणाला ठाऊक! पण मी पडले मास्तरीण, कबूल कशी करणार? मोठा नंबर म्हणजे जाड तार, हे पहिलीतलं पोरही सांगेल, अशा तोऱ्यात मी त्याच्याकडचा सगळ्यात मोठा नंबर मागितला. त्यानं भुवई उचलली आणि गुंडाळी बांधून दिली. घरी येऊन चढवली तर ती आधीच्या तारेहून बारीक! पितळी तारेचा नंबर जसा वाढतो तशी तार बारीक होत जाते, हे मला तेव्हा कळलं. मी इतकी चिडले की गुंडाळी अंगणात भिरकावली. मग कोंबड्यांच्या पायात अडकेल म्हणून मीच जाऊन उचलून आणली.

पुढच्या महिन्यात तंबोराच गोधडीत गुंडाळून गाडीत चढले. शेजारच्या बाईनं एवढा मोठा कोहळा कुठे नेता म्हणून विचारलं. मी म्हटलं, गोंदियाला.

दुकानदार पुन्हा तेच पुडकं काढायला लागला. "बहनजी, इस पे मोटा तार नहीं चढता. ये औरतों का बाजा है."

"आवाज बाईचाच आहे. आधी ऐका," मी म्हटलं आणि भर बाजारात, दुकानाच्या पायरीवर बसून माझ्या पट्टीत सा लावला. रस्त्यावरची दोन-चार माणसं थांबली. भीतीनं माझे कान तापले होते, पण सा सोडला नाही. म्हाताऱ्यानं पुडकं खाली ठेवलं.

"फिर से," तो म्हणाला. मी पुन्हा लावला.

मग तो कामाला लागला. पितळी तारांच्या गुंडाळ्या काढून एकेक तार डोळे मिटून चिमटीतून ओढून पाहायला लागला. पहिली चढवली ती ढिलीच राहिली. दुसरी इतकी राठ होती की सुरापर्यंत यायच्या आधीच दांडी कुरकुरली. तिसरी ताणून झाल्यावर त्यानं घोडीवर तिच्याखाली सुताचा दोरा सरकवला, तांदळाएवढा पुढे, तांदळाएवढा मागे, आणि मला छेडायला सांगितलं. तार घुमली. माझ्या छातीत, जिथून माझा आवाज निघतो तिथे, ती मला जाणवली. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही. बाकीच्या तीन तारा त्यानं तिच्या बेतानं बदलून दिल्या. नंबर कागदावर लिहून घेतल्याशिवाय मी तिथून हलले नाही.

वर्ष फिरून काला आला. मी तंबोरा घेऊन उभी राहिले. काकांनी सवयीनं काळी चार धरली.

"काका, काळी एक," मी म्हटलं.

"माह्याच्यानं नाही होत ते," ते पुटपुटले.

"मग राहू द्या. मृदंग पुरे."

मी खर्ज छेडला आणि सुरुवात केली. पहिली ओळ गेली, दुसरी गेली, कुठेही फाटलं नाही. तिसऱ्या ओळीला बायकांच्या बाजूनं कुणीतरी धरलं. मग आणखी दोघींनी. चाळिशी-पन्नाशीच्या, नातवंडं मांडीवर घेतलेल्या बायका, ज्यांना मी जन्मात कधी गाताना ऐकलं नव्हतं, त्या ओळ झेलत होत्या. त्यांच्यात माझी माय होती. तिचा आवाज थेट माझ्यासारखा, जाड. अभंग पूर्ण झाला तेव्हा कोण कुणामागे म्हणत होतं ते कळत नव्हतं.

घरी जाताना तलावाच्या पाळीवर मी तिला गाठलं. "माय, तू इतकी वर्षं काऊन नाही गायलीस?"

ती चालत राहिली. "मले वाटे, माह्या गऱ्यातच खोट हाय," ती म्हणाली. "तुह्या येवढी होतो, तवाच गानं सोडलं."

मी जिंकले होते, पण त्या क्षणी मला फक्त राग आला, तिच्या गेलेल्या सगळ्या वर्षांचा. मी तंबोरा तिच्या हातात दिला आणि घरी पोचेपर्यंत तो तिलाच धरू दिला.