बाळगोंडा गुळव्या आणि जळालेली मोटर

साल दोन हजार पंचवीस, आणि मला अठ्ठ्याहत्तरावं चालू. माघातली सकाळ. कसबा बावड्यात आमच्या नेहमीच्या दुकानात दाढीला बसलो होतो. एका गालावरनं वस्तरा फिरला होता, दुसऱ्या गालावर साबण तसाच, तेवढ्यात दुकानदाराचा फोन वाजला. त्यानं ऐकलं, वस्तरा खाली ठेवला आणि मला म्हणाला, "आबा, बाळगोंडा अण्णा गेलं की पहाटं." मी तसाच उठलो. पंचानं साबण पुसला आणि चालत सुटलो. मागनं तो ओरडत होता, "आवं, अर्धी ऱ्हायली न्हवं!" मी वळून बघितलं नाही. तो गाल पुढं तीन दिवस तसाच राहिला.

बाळगोंडा लिंगायत. त्यांच्यात माणसाला बसवून माती देतात. कपाळाला विभूती लावून, मांडी घालून त्याला खड्ड्यात बसवला. गुऱ्हाळात रसाच्या काहिलीपाशी बसायचा तसाच बसला होता, पाठ ताठ, मान जरा पुढं. मी कडेला उभा राहून खाली बघत होतो आणि ध्यानात आलं, जन्मभर हे उलटं होतं. जाळाच्या खड्ड्यात मी असायचो आणि वर तो. त्याची टाळू मी कधी बघितलीच नव्हती... मधनं पार विरळ झाली होती.

मातीला शालन आली होती. शालन माझी थोरली लेक, चंदगडाकडं दिलेली. बाळगोंडाला ती काका म्हणायची, त्याच्या खांद्यावर बसून गुऱ्हाळात यायची लहानपणी. त्याच्या बायकोच्या, गंगव्वाच्या गळ्यात पडून ती रडली. माझ्यासमोरनं गेली तेव्हा पदर नीट केला आणि तशीच पुढं गेली. आमचं घर तिथनं हाकेवर. तिची आई दारात उभी होती. आईला भेटली, उंबरा चढली नाही, दुपारच्या एसटीनं परत गेली. सहा वर्षं झाली, तिनं माझ्या घरात पाणी घेतलेलं नाही. कारण मी. कसं ते पुढं सांगतो, टाळणार नाही. पण बाळगोंडा आधी सांगितल्याशिवाय ते कळायचं नाही.

आताच्या पोरांना गुऱ्हाळ म्हटलं की रस्त्याकडेचं रसाचं दुकान आठवतं. आमचं गुऱ्हाळ म्हणजे गूळ करायची जागा. दहा माणसं बसतील एवढी लोखंडी काहील, तिच्यात उसाचा रस उकळायचा. खाली चुलवाण, म्हणजे खड्ड्यातली मोठी चूल. त्या खड्ड्यात बसून वाळलेली चिपाडं आत सारायचं काम माझं, मी जाळव्या. वर काहिलीपाशी बसून रस कधी गूळ झाला हे ओळखणारा तो गुळव्या, बाळगोंडा. मला वरचा रस दिसायचा नाही, त्याला खालचा जाळ दिसायचा नाही. मधी फक्त त्याची हाक. "गणपा, वाढीव!" म्हटलं की मी वाढवायचा, "गणपा, वड!" म्हटलं की जाळ मागं ओढायचा. तीस हंगाम आम्ही असे काढले. एका काहिलीतल्या रसाला आम्ही आदण म्हणतो. आदण फसलं, गूळ करपला किंवा चिकट राहिला, की साऱ्या गुऱ्हाळात एकच भांडण. गुळव्या म्हणतो जाळ जास्त झाला, जाळव्या म्हणतो हाक उशिरा आली. खरं काय ते दोघांनाच ठाऊक, आणि दोघंही सांगत नाहीत. शेतकरी बिचारा दोघांच्या तोंडाकडं बघत बसतो.

बाळगोंडाचं तसं नव्हतं. शेतकऱ्यानं काही विचारायच्या आधीच तो उठून उभा राहायचा आणि आपलं काय चुकलं ते सांगून टाकायचा. करपलेल्या ढेपा स्वतःच्या घरी न्यायचा आणि आपल्या वाटणीच्या चांगल्या ढेपा शेतकऱ्याच्या गाडीत घालायचा. गंगव्वा सणाला पोळ्या करायची त्या काळ्या. ती पावण्यांना म्हणायची, "पोळीचा रंग बघा, म्हंजे औंदा आमच्या मालकांची किती आदणं फसली ते कळंल." आणि बाळगोंडा खाली मान घालून ती पोळी दुधात कुस्करून खायचा. दोन्ही गालात हसू.

एका हंगामात शेजारच्या गुऱ्हाळाशी आमची चुरस लागली. त्यांच्या आधी आमचं पाचवं आदण उतरायचं, हे माझ्या डोक्यात बसलं. बाळगोंडानं "वाढीव" म्हटलं नव्हतं, तरी मी दोन कवळा जास्त सारल्या. कवळ म्हणजे दोन्ही हातांत मावंल तेवढं चिपाड. जाळ असा भडकला की त्याची "वड" हाक येईस्तवर रसानं तळ धरला होता. सगळा गूळ काळा. शेतकरी तात्या म्हातारा माणूस, डोक्याला हात लावून बसला. बाळगोंडा उभा राहिला आणि म्हणाला, "तात्या, डोळ्यात धूर गेलता. माझी हाक उशिरा गेली. तेवढं माझं हाय. बाकीचं ज्याचं त्यानं सांगावं." सगळे खड्ड्याकडं बघायला लागले. मी चिपाडं नीट रचत बसलो, जसं काही मला ऐकूच आलं नव्हतं.

घरी जाताना मी त्याच्यावरच भडकलो. "सगळं माझंच चुकलं म्हणाला आसतास तर तुझं काय जाणार हुतं? नाही तरी तू बोलतोसच की!" तो सायकल हातात धरून चालत होता. थांबला आणि म्हणाला, "तुझं मी घेतलं तर तुला काय ऱ्हाईल, गणपा?" मला ते तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, हा मोठेपणा दाखवतोय. आता कळतं की मोठेपणा दाखवायचा असता तर त्यानं सगळंच अंगावर घेतलं असतं. लोकांनी वाहवा केली असती. त्याला वाहवा नको होती. आपलं तेवढं, कमी नाही आणि जास्तही नाही, एवढंच त्याचं म्हणणं.

गुऱ्हाळ बंद पडलं, तिथं आता बंगले झाले. पण त्याची सवय गेली नाही. एकदा आम्ही मंगळवार पेठेत गेलो होतो. त्याच्या सायकलचा दांडा एका पांढऱ्या मोटारीला घासला. बोटभर ओरखडा. हा लागलीच सायकल लावून शेजारच्या पायरीवर बसला. मी म्हटलं, "चल की येड्या, कुणी बघितलं न्हाय." तर म्हणतो, "म्हणून तर बसलोय. कुणी बघितलं आसतं तर त्यानं सांगितलं आसतं की मालकाला." दीड तास बसलो आम्ही. मी शिव्या देत होतो, तो शेंगा खात होता. शेवटी मालक आला, तिशीतला पोरगा. यानं सगळं सांगितलं. पोरगा वाकून बघतो तर ओरखडे दोन. "आजोबा, ह्यो वरचा लांबडा जुना हाय, माझ्याच दारात झालाय. तुमचा ह्यो खालचा बारका." बाळगोंडा म्हणाला, "मग खालचा माझा." पोरगा पोट धरून हसला. म्हणाला, "आजोबा, ह्या खालच्याला आता मी कधी रंग लावणार न्हाय. बघितला की तुमची आठवण यील." दोघांनी मिळून उसाचा रस घेतला. मला विचारलं, मी नको म्हटलं. हट्टी माणूस मी.

आता माझं सांगतो.

सहा वर्षांपूर्वी जत्रेला शालन आणि आमचं जावई आलं होतं. उन्हाळा, विहिरीत पाणी कमी. सकाळी पाणी भरायला विहिरीवरची मोटर मी चालू केली आणि वाटेत बाळगोंडा भेटला त्याला सांगितलं, "मोटर लावलीया, मटण आणाय चाललोय." मटणाच्या दुकानात रांग ही एवढी. मोटर डोक्यातनं निघून गेली. विहीर आटली, मोटर कोरडी फिरत राहिली आणि जळाली. मी आलो तर जळका वास. पावणं, म्हणजे आमचं जावई, मोटरीच्या नळाखाली आंघोळ करून आलेले, डोकं अजून ओलं होतं. दुपारी पंगत बसली, वीसभर माणूस, आणि कुणीतरी विचारलं, मोटर कशी जळाली हो? माझ्या तोंडातनं निघून गेलं, "चंदगडच्या डोंगरातल्या माणसाला मोटर बंद कराय कुठनं याची?"

पावणं भरल्या ताटावरनं उठले. हात धुऊन पायात चपला घातल्या. जावयाला ताटावरनं उठवणं म्हणजे काय, हे आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. शालन मधी आली. म्हणाली, "आबा, ह्यांनी मोटरीला हात लावला न्हाय म्हणत्यात. माझा नवरा खोटं बोलत न्हाय." मी म्हटलं, "मग तुझा बाप खोटं बोलतोय व्हय?" ती माझ्याकडं बघत राहिली. मग पिशवी उचलून नवऱ्याच्या मागं गेली.

संध्याकाळी बाळगोंडा आला. मटणाच्या दिवशी तो कधी आमच्या घरात यायचा नाही, त्या दिवशी आला. अंगणातच उभा राहून म्हणाला, "मोटर तू लावलतीस, गणपा." मी म्हटलं, "व्हय. मग?" "मग पोरीला सांग." "झालं ते झालं. आता काय पाया पडू जावयाच्या?" तो म्हणाला, "मी कुणाला सांगणार न्हाय. ते तुझं हाय. पर लवकर सांग, शिळं झाल्यावर जड हुतं." आणि खरंच, सहा वर्षांत तो कुणाजवळ बोलला नाही. शालन त्याच्या घरी यायची, माझ्याबद्दल रडायची, तरी बोलला नाही. मला राग यायचा त्याचा. वाटायचं, हा एक शब्द टाकील तर माझी सुटका होईल. त्यानं टाकला नाही.

बाळगोंडा जायच्या आठवडाभर आधी मी त्याच्याकडं गेलो होतो. घरापुढच्या सोप्यात खाटेवर उन्हाला पडला होता. गंगव्वा चमच्यानं चहा पाजत होती. जरा वेळ गेला आणि मला म्हणाला, "त्या तात्याच्या आदणाला तू जाळ किती घातलतास रं?" म्हटलं, "दोन कवळा जास्त." पहिल्यांदाच तोंडातनं निघालं. तो खोकत खोकत हसला. "मला वाटलं तीन." गंगव्वा म्हणाली, "ह्येच्यासाठी मी वरीसभर काळ्या पोळ्या खाल्ल्या व्हय, गणपाभावजी?" तिघंही हसलो. मला किती हलकं वाटलं ते सांगता येत नाही... तेव्हाच दुसरंही सांगून टाकायचं होतं, की आता जातो चंदगडाला. नाही सांगितलं.

तो गेल्यावर सहा आठवड्यांनी मी हे पेपरासाठी लिहायला बसलो. शाळा तिसरीपर्यंतची, त्यामुळं चार दुपारी गेल्या. इथवर लिहून झालं तेव्हा आमची हौसा, शालनची आई, अंगणात तांदूळ निवडत होती. म्हणाली, "आवं, काय लिवलंय ते वाचा तरी." मी वाचलं. काळ्या पोळ्यांना हसली, मोटारवाल्याला हसली. मोटरीपाशी आलो तसा तिचा हात सुपात थांबला.

"म्हंजे मोटर तुम्ही लावलती?"

"व्हय."

"आन् ह्ये आता पेपरात देणार?"

"देणार. लपवायचं न्हाय आता."

तिनं सूप बाजूला ठेवलं. "म्हंजे आख्ख्या जिल्ह्याला सांगणार, आन् माझ्या पोरीला पेपरातनं कळणार? जगाला सांगाय काय लागतंय वो? जग म्हणंल, वा म्हातारा, केवढं मोठं मन! जग काय भरल्या ताटावरनं उठून गेलं न्हवतं."

मी चिडलो. चाळीस शब्द बोललो असेन, सगळे वाकडे. ती परत तांदूळ निवडायला लागली. मी दिवेलागणीपर्यंत नुसता बसून राहिलो. तिचं एकही अक्षर खोडता येत नव्हतं. कागद कपाटात ठेवले आणि तिला म्हटलं, "पहिली गाडी किती वाजता हाय चंदगडाची?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गाडीनं गेलो. उतरून अर्धा तास चढ चाललो. अंगणात काजूच्या बोंडांचा ढीग, आंबूस वास सुटलेला, आणि दोघं नवराबायको बोंडातनं बी वेगळी करत बसलेली. शालननं मान वर केली, उठली नाही. पावणं उठले. "या आबा," म्हणून पाणी आणायला आत निघाले. मी म्हटलं, "पावणं, पाणी मागनं. आधी ऐका." गाडीत तीन तास घोकलेलं सगळं विसरलो. एवढंच आलं, "मोटर मी लावलती. तुमचा काय संबंध न्हवता. मला त्याच दिवशी ठावं हुतं."

पावणं हाताला लागलेला बोंडाचा रस बघत राहिले. मग हळू म्हणाले, "आबा, नळातनं पाणी फसफसाय लागलं तवाच मला कळलतं, हीर आटली म्हणून. पर म्हटलं, सासऱ्याची मोटर, आपुन कशाला हात लावा. टॉवेल गुंडाळून घरात आलो. बंद केली आसती तर वाचली आसती. ह्ये मी बी हिला सांगितलं न्हवतं."

शालन एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होती. "झालं दोघांचं?" ती म्हणाली. "मोटर गेली मसणात. माझी सहा वर्सं कुणी जाळली?"

"ती सगळी मी," मी म्हटलं. "त्यात पावण्यांचा वाटा न्हाय."

तिनं हातातलं बोंड ढिगात टाकलं. नाक ओढलं, मनगटानं डोळे पुसले आणि शेजारचं रिकामं पोतं माझ्याकडं सरकवलं. "मग उन्हात काय उभं ऱ्हायलाय, आबा. बसा की."

मी बसलो. समोरच्या ढिगातलं एक बोंड उचललं. बी कशी पिरगाळून काढायची ते मला येत नव्हतं. शालननं माझ्या हातातलं बोंड घेतलं, एकदा करून दाखवलं आणि दुसरं माझ्या हातात दिलं.