बर्फावरचा लॅपटॉप

आमच्या घिवलीच्या घरात वाद हातानेच मिटायचे. बोटीवर यायला नाही म्हटलं की बाबांचा हात उठायचा, मी बापाएवढा झाल्यावरही. मला बोईसरच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायची नोकरी हवी होती, मासळी उपसायची नव्हती. यावरून त्यांनी एकदा माझा दात पाडला होता.

कारखान्याने नोकरीच्या परीक्षेचं ड्रॉइंग त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मागितलं होतं. माझ्याकडे होता भंगारातून आणलेला, विटेसारखा जाड लॅपटॉप. ड्रॉइंग उघडलं की तो गपगार. शेवटी मी त्याचं पोट फाडलं, प्रोसेसरची चिप उपसली, तिच्याखालच्या दोन भोकांत केसाएवढी तांब्याची तार कोंबली आणि चिप परत बसवली. एवढ्याने मदरबोर्ड फसतो आणि चिपला जास्त वेगाने पळवतो. पळालाही पठ्ठ्या. पण पंखा किंचाळू लागला, कीबोर्डवर बोट ठेववेना, आणि लॅपटॉप मधेच बंद पडू लागला. फार तापतोय, गार झाला नाही तर माझी नोकरी गेली, असं मी आईवर ओरडलो. बाबा ओट्यावर जाळं शिवत होते.

ड्रॉइंग संपत आलं, तेव्हा मी दोन घास खायला उठलो. परत आलो तर लॅपटॉप मासळीच्या खोक्यात, फोडलेल्या बर्फावर. बर्फ जास्त गार व्हावा म्हणून बाबांनी त्यात मूठभर मीठही टाकलेलं. खालच्या जाळीतून पंखा ते खारं पाणी ओढत होता. मी उचलेपर्यंत तडतड झाली, जळका वास आला आणि स्क्रीन काळी पडली.

मी बाबांच्या तोंडावर ठोसा हाणला. लहानपणापासून खाल्लेला सगळा मार त्यात होता. ते खोक्यावर कोसळले, ओठ फाटला, बर्फ लाल झाला. मधे पडलेल्या आईला मी बाजूला ढकललं आणि मुठी वळून उभा राहिलो. आता ते उठून मला सोलणार होते, आणि मला तेच हवं होतं.

त्यांनी हात उचललाच नाही.

"तूच बोल्लास ना तापतंय म्हनून?" ते म्हणाले. "आमी गार कराला बरफच घालतो. बोटीचा काढला तुज्यासाठी."

मग खांद्यावरच्या पंच्याने ते लॅपटॉप पुसू लागले. ओठातलं रक्त बटणांवर ठिबकलं, तेही पुसलं. स्वतःचं तोंड पुसायचं त्यांना सुचलं नाही. मला अजून त्यांचा राग येतो. त्या दिवशी त्यांनी मला मारायला हवं होतं.