सांडलेल्या पाण्याची वाट

कळसचा एक पोकलेनवाला भिगवणच्या चहाच्या हॉटेलात मला नेहमी भेटतो. टेबलावर पाणी सांडलेलं दिसलं, की बोलता बोलता बोटानं त्याला कडेपर्यंत वाट काढून देतो आणि शेवटचा थेंब खाली पडेपर्यंत बघत बसतो. चहा निवून जातो.

कोकणातलं काम करून परत आल्यापासून ही सवय. तिथं भरावामुळं खाडीचं पाणी तुटून खारफुटी वाळली होती. भराव फोडून नव्या रोपांपर्यंत चर काढायचं काम मीच त्याला मिळवून दिलं. चर त्यानं सुरेख काढले. भरतीचं पाणी आत आलं, आणि जन्मभर उसाला दारं धरलेल्या या माणसानं ते वाया जाऊ नये म्हणून चरांची तोंडं मातीनं बांधून टाकली. ओहोटीला पाणी परत गेलंच नाही. रोपं बुडून कुजली.

"त्या झाडास्नी आल्यालं पाणी परत जावं लागतं," तो म्हणतो. "मला काय ठावं?"

एसटीत बसवताना मीच त्याला बजावलं होतं, "झाडांना पाणी कमी पडू देऊ नकोस." माझ्या त्या बोलण्याचा विषय त्यानं एकदाही काढलेला नाही. परवा माझ्याच हातून ग्लास कलंडला. "असू द्या तात्या, हुतं असं," म्हणत त्यानंच बोटानं वाट काढली.