नितीनची लाल बस विकायची नाही

माझा नवरा गेला त्याच दुपारी त्याच्या मोबाइलवर मेसेज आला.

"आरआयपी भाऊ. वहिनी, कलेक्शन काढणार असाल तर आधी मला विचारा."

आम्ही अजून हॉस्पिटलमधून घरीसुद्धा पोचलो नव्हतो.

आज नितीनला जाऊन वर्ष झालं. वर्षभर गप्प होते. आज लिहिते.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, नितीन खेळण्यातल्या जुन्या गाड्या जमवायचा. पत्र्याच्या, लोखंडी, तळहातावर मावणाऱ्या. सुकापूरच्या आमच्या छोट्या फ्लॅटमध्ये एक अख्खं कपाट त्यांचं. नोकरी कंटेनर यार्डात. दिवसभर खरे ट्रेलर बघायचे आणि घरी येऊन हे छोटे पुसत बसायचं.

फेसबुकवर त्यांचा ग्रुप होता, तिथे खरेदी-विक्री चालायची. कायदा एकच. 'डन' म्हटलं की डन. कागद नाही, सही नाही.

एकदा त्याने एक जीप नाशिकच्या एकाला 'डन' म्हटली. थोड्या वेळात दुसरा दुपटीने मागायला लागला.

मी म्हटलं, "अरे मग दे ना त्याला!"

"डन म्हटलंय गं."

विषय संपला.

आणि विकताना आधी खोट लिहायचा. डाव्या दाराचा रंग गेलाय. मागचं चाक अडकतं.

"असं लिहिलंस तर कोण घेणार?"

"जो घेईल तो नंतर भांडणार नाही."

आता शेठबद्दल. नाव लिहीत नाही. ग्रुपमध्ये सगळे त्यांना शेठच म्हणतात. खारघरला टॉवरमध्ये राहतात, कलेक्शन मोठं, ग्रुपचे ॲडमिनही तेच. तो पहिला मेसेज त्यांचाच होता.

तेराव्याला ते घरी आले. नितीनच्या फोटोला हात जोडले. व्यवस्थित जेवले. मग कपाटासमोर उभे राहिले आणि मोबाइल काढून फोटो घ्यायला लागले.

"वहिनी, ही लाल बस. नितीनने मला डन म्हटलं होतं. फोनवर. तुम्हाला बोलला नाही?"



नाही म्हणावं तर नितीनचा शब्द मोडतो. आणि हे त्यांना पक्कं माहीत होतं.

कपाटाच्या काचेकडे माझा हात गेलासुद्धा. तेवढ्यात सासूबाई आतून आल्या.

"ती बस मी घेतलेली हाय. पनवेलच्या बाजारातून. तो शाळेत होता तवा. सख्ख्या बहिनीच्या पोरांना पन त्यानं ती हातात दिली नाय. तुमाला देनार? तुमी कोन?"

शेठ हसले. "आई, तुम्हाला यातलं कळत नाही."

"नसंल कळत. मला माजा पोरगा कळतो."

शेठ चपला घालून निघाले.

संध्याकाळी ग्रुपवर त्यांची पोस्ट. 'कमिटेड डीलवरून फॅमिली फिरली. नितीनसारख्या माणसाच्या नावाला हे शोभत नाही.'

खाली अंगठेच अंगठे. त्यातले काही दुपारी आमच्याकडे जेवून गेलेले.

मी नितीनच्या अकाउंटवरून लिहिलं, "मी नितीनची बायको. ती बस कधीच विकायला नव्हती. शेठ खोटं बोलतायत."

आधी माझी कमेंट डिलीट झाली. मग अकाउंट ब्लॉक.

मेलेल्या माणसाला ग्रुपमधून हाकललं.

त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी उरणहून एक फोन आला. इक्बालभाई. ग्रुपमधलेच, पण मी कधी बोलले नव्हते त्यांच्याशी.

"भाभी, ती काळी-पिवळी टॅक्सी नितीनने मला डन केली होती. मी सोडली असं समजा. तुमच्याकडेच राहू द्या. उद्या दुसऱ्या कुणाकडून कळलं तर तुमच्या मनाला लागेल, म्हणून फोन केला."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"गमीच्या घरात सौदा कोण काढतं, भाभी?"

मी टॅक्सी हातात घेतली, उलटसुलट बघितली. म्हटलं, "इक्बालभाई, टपाला पोचा आहे बरं का. फोटोत दिसत नाही."

"हो, नितीनने आधीच सांगितलं होतं. डाव्या बाजूला."

डाव्याच बाजूला होता.

फोन ठेवला आणि खूप रडले. मग डोळे पुसले, टॅक्सी बबल रॅपमध्ये गुंडाळली आणि त्यांना पाठवून दिली.

त्या आठवड्यात मी माझ्या नावाने अकाउंट काढलं. दुसऱ्या ग्रुपवर. नितीनने जे विकायला काढलं होतं तेवढंच विकते. खोट आधी लिहिते. अजूनही लोक "भाऊ, लास्ट किती?" विचारतात. मी सांगते, "भाऊ नाही, ताई. आणि लास्ट तेच जे लिहिलंय."

मध्यंतरी दुधाच्या व्हॅनला एक गिऱ्हाईक आलं. नाव अनोळखी. पत्ता आला तो खारघरचा, टॉवर तोच, फ्लॅट तोच.

मी फोन लावला. "शेठ, तुम्हाला नाही देणार."

"का? पूर्ण किंमत देतोय!"

"माझी मर्जी."

"वहिनी, मार्केटमध्ये असं चालत नाही."

"मार्केटमध्ये तेराव्याचं जेवून कपाटाचे फोटो काढलेले चालतात, मग हेही चालेल."

लोक म्हणतात, जाऊ दे गं, माणूस गेला, आता वाद कशाला?

माणूस गेला म्हणूनच! तो असता तर मला बोलावं लागलं नसतं.

आणि इथले जे जे कलेक्टर हे वाचतायत त्यांना सांगते. कुणाच्या घरी माणूस गेला असेल तर जा. बसा. चहा घ्या. त्याच्याबद्दल दोन शब्द बोला. कपाटाकडे बघू नका. घरच्यांना विकायचं असेल तेव्हा ते सांगतील. नसेल विकायचं तर तीही त्यांची मर्जी.

ज्यांना राग आला त्यांनी मला खुशाल अनफ्रेंड करावं.

नितीन, आई बरी आहे. मीही आहे. आता तुझ्या नावाने कुणी खोटं बोललं तर मी आहे इथे.

तू निवांत राहा.