टेलरमास्तर आणि आंबुशी

आमच्या शेजारच्या टेलरमास्तरांचा उभा जन्म मशीनवर वाकून गेला. दुकान बंद केल्यावर त्यांनी घरापुढे एवढुसं लॉन लावलं. सकाळी त्यावर अनवाणी फिरतात, तेव्हा चेहरा असा होतो, जणू कुणी पाय चेपून देतंय. वहिनींना मात्र तिथे फरशी हवी. लेकीकडे जाताना त्या बजावून गेल्या, "परत आल्यावर रान माजलेलं दिसलं, तर फरशीवाला आलाच म्हणून समजा."

त्यांची पाठ वळली आणि तण आलं. पत्त्यातल्या बदामासारखी तीन-तीन पानं, चिमुकली पिवळी फुलं. सकाळी जिकडेतिकडे, संध्याकाळी गायब.

"गेलं की हो!" मास्तर कुंपणावरून मला म्हणाले.

"गेलं कुठलं? पानं मिटून झोपलंय. चावून बघा, आंबट लागलं तर आंबुशी."

त्यांनी चावलं. तोंड बघूनच मला उत्तर कळलं.

"रुंद पानांच्या तणाचं औषध मिळतं. गवताला धक्का लागत नाही म्हणे," मी सुचवलं.

मास्तरांनी खिशातून टेप काढली. "किती इंचांपासून रुंद धरायचं?"

आता आली का पंचाईत! मी म्हणाले, "त्यापेक्षा उपटाच."

ते दचकले. "सुटलेला धागा कधी ओढायचा नसतो! अख्खी शिवण जाते."

म्हणून कात्रीने छाटत बसले. चार दिवस झकास, मग दुप्पट. "कापलेलं वाढतं कसं?" मास्तर डोकं धरून बसले.

वहिनी परतल्या त्या थेट फरशीवाल्याला फोन करूनच. मग लॉनमध्ये वाकल्या. जमिनीवर सरपटलेली एक फांदी उचलली, तर सांध्यासांध्याला मूळ रुतलेलं. दुकानातल्या बिघडलेल्या शिवणी जन्मभर त्यांनीच उसवलेल्या.

"अहो, हे तर टाके घातलेत! छाटून काय होणार? उसवा."

"पण ओढलं तर..."

"ओढा कोण म्हणतंय? पाणी मारा, माती मऊ होऊ द्या, मग एकेक टाका." तेवढ्यात हात लागून एक शेंग फट्कन फुटली, दाणे मनगटावर उडाले. "अगंबाई! या शेंगा आधी काढा, नाहीतर पुन्हा पेरणी."

फरशीवाला आला तेव्हा दोघं शिवण उसवायची हत्यारं घेऊन मांडी ठोकून बसलेली.

"काय शिवतायत?" त्याने मला विचारलं.

"उसवतायत."

त्याने टेप उघडली. "मग माप घेऊ ना?"

वहिनींनी मान वर केली नाही. "अर्धं उसवून ठेवलंय, दिसत नाही? आता कसलं माप!"

मास्तर गुपचूप पुढच्या टाक्याकडे सरकले.